पाणी खोल, करवत जपून
(वृक्षसंगोपन व्यावसायिकांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, अल ऐन)



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं अल ऐनमध्ये मनापासून स्वागत करतो. झाडांची निगा हाच ज्यांचा व्यवसाय, अशा मराठी माणसांनी एकत्र बसायला याहून योग्य गाव आखातात मला दिसत नाही. इथल्या मरूद्यानात खजुराची १ लाख ४७ हजारांहून अधिक झाडं आहेत. डोंगरपायथ्याचं भूजल नुसत्या उताराच्या जोरावर वाहून आणणारे फलज, म्हणजे जमिनीखालचे पाट, या भागात सुमारे ३ हजार वर्षांपासून आहेत. २०११ साली युनेस्कोने या साऱ्याला जागतिक वारशाचा मान दिला. वर खजूर, त्याच्या सावलीत आंबा-लिंबू आणि तळाशी गुरांचा चारा, अशी इथली शेतीची जुनी घडण. पाणी पाळीने मिळायचं. धुळ्याकडे पांझरेकाठी ज्यांनी पाणीवाटपाची फड पद्धत पाहिली असेल, त्यांना पाळीची ही शिस्त परकी वाटणार नाही.

त्या पाळीतली एक गोष्ट आपण विसरलो आहोत. आपली पाळी आली की आळं काठोकाठ भरायचं, आणि मग पुढच्या पाळीपर्यंत झाड वाट पाहायचं. पाणी खोल जायचं आणि त्याच्यामागे मुळंही खोल जायची. आज आपल्या हाती ठिबक आहे, टायमर आहे, प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळीतून दारात येतं. ही मोठी सोय आहे आणि मी तिचा ऋणी आहे. पण आपण रोज पाच-दहा मिनिटं तोट्या सोडतो, वरची वीतभर माती ओली करतो आणि मुळांना तिथेच मुक्काम करायला लावतो. झाड लावताना बुंध्याशी ठेवलेल्या तोट्या दहा वर्षांनीही बुंध्याशीच असतात. पाणी ओढणारी मुळं तोवर फांद्यांच्या घेराबाहेर गेलेली असतात. पाण्यातलं मीठ ओलाव्याच्या कडेला साचतं, पांढरा थर धरतं, पानांच्या कडा करपतात. ते पाहून कुणीतरी टायमर आणखी दोन मिनिटं वाढवतो. हवं असतं ते उलटं: बऱ्याच दिवसांनी एकदा, पण दोन-तीन फूट खोल जाईल आणि मीठ मुळांच्या खाली ढकलेल इतकं पाणी. ते किती खोल गेलं हे पाहायला साधी लोखंडी सळई पुरते. ओल्या मातीत ती सहज शिरते, कोरड्या थराला लागली की अडते. प्रत्येक पर्यवेक्षकाच्या गाडीत ती असायला हवी.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपण कुणीच विसरणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, आणि त्या काळातला हा सर्वांत मोठा पाऊस. आपल्या या अल ऐनजवळ, खत्म अल शकला इथे, २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडलं. एरवी वर्षभरात १०० मिलिमीटरही पडत नाही. त्यानंतर उन्मळलेली झाडं आपल्यापैकी अनेकांनी उचलली. मुळांचे ते उथळ, चपटे गोळे आठवा. कुंडीतून काढून लावलं त्या दिवशी मुळांचा घेर जेवढा होता, त्याहून फारसा वाढलेला नव्हता. वारा आणि पाऊस निमित्त झाले. त्या झाडांना उभं राहायला आपण शिकवलंच नव्हतं.

याउलट गाफ पाहा. २००८ पासून हे अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच, आणि राजस्थानची खेजडीही हीच. तिची मुळं ३० मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात. उघड्या वाळवंटात ऊन, खारा वारा आणि उंटांची तोंडं सोसून ती उभी असते. तिला हिरवळीत लावून रोज पाणी पाजलं की वर फांद्या भराभर सुटतात, मुळं उथळ राहतात आणि पुढच्याच वादळात ती कलते. मला या झाडाबद्दल फार माया आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो.

दुसरा विषय करवतीचा. शेंडे उडवून झाड ‘नीटनेटकं’ करण्याची मागणी ग्राहक करतो आणि आपण ती पुरवतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आतल्या फांद्या साफ केल्या की आजवर सावलीत असलेली साल एकदम ४५ अंशांच्या उन्हात उघडी पडते, भाजते, तडकते, आणि त्या भेगांतून कीड आणि बुरशी आत शिरतात. खजुराचं दुखणं आणखी गंभीर आहे. हिरव्या झावळ्या तोडल्या की ताज्या जखमेच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. कोकणातल्या नारळ बागायतदारांना हा शत्रू चांगला माहीत आहे. तो आपल्याच उपखंडाकडून इकडे आला. अळ्या खोडाच्या आत खात राहतात. बाहेर चिकट रस, आंबूस वास आणि चघळलेल्या तंतूंचा चोथा दिसतो तोवर बराचसा गाभा गेलेला असतो. कामगंध सापळे लावाच, पण हिरवी झावळी विनाकारण तोडू नका. ग्राहकाला नाही म्हणणं हासुद्धा आपल्या व्यवसायाचा भाग आहे, आणि दुपारच्या सत्रात यावर मोकळेपणाने बोलावं अशी माझी विनंती आहे.

या परिषदेत करवत हातात धरणाऱ्यांनाही आम्ही आग्रहाने बोलावलं आहे. खजुरावर दोराच्या आधाराने चढणारा माणूस झाडाचा शेंडा रोज जवळून पाहतो. भुंग्याची पहिली खूण त्यालाच दिसते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा कायदा आहे. तो पाळला जावाच. त्याखेरीज त्या माणसाला प्रशिक्षण, प्रमाणपत्र, चांगला सुरक्षा पट्टा आणि त्याच्या निरीक्षणाची नोंद करणारी वही मिळावी, असा ठराव उद्या मांडला जाईल. त्याला आपला पाठिंबा मी आजच मागून ठेवतो.

सध्या खजुराच्या परागणाचा हंगाम आहे. उद्या पहाटे साडेपाचला निवासस्थानाच्या फाटकापासून बस निघेल. नर फुलोरा मादी झाडावर कसा बांधतात, झावळी कुठून कापायची आणि सळई कशी टोचायची, हे बागेतच पाहू. टोपी, बूट आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. आपलं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटक महोदयांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.