दप्तरातील टॅब आणि वर्गातील समता



मराठी मुलुखातील प्राथमिक शाळेत मुलाने घरून आणावयाचे पहिले साधन म्हणजे पाटी. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरावी आणि काडीने तीवर अक्षर गिरवावे, अशी ती रीत होती. पुढे लाकडी चौकटीची दगडी पाटी आली, त्यानंतर पत्र्याची आली. दसऱ्याला एकाचे आकडे जुळवून पाटीवर सरस्वती काढावयाची आणि तिची पूजा करावयाची, ही प्रथा आजही अनेक घरांत पाळली जाते. या पाटीचा एक गुण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. सधन शेतकऱ्याच्या मुलाची पाटी आणि त्याच्याच शेतावर राबणाऱ्या मजुराच्या मुलाची पाटी यांत फारसा फरक नसे. चौकटीचे लाकूड थोडे बरेवाईट असेल, पण अक्षर दोन्हींवर सारखेच उमटे आणि ओल्या फडक्याने सारखेच पुसले जाई. जातीमुळे ज्यांना वर्गाच्या उंबरठ्याबाहेर बसविले गेले त्यांची गोष्ट निराळी. ती पाटीने सुटणारी नव्हती.

आता काही शाळांतून, विशेषतः शहरांतील खासगी शाळांतून, वर्षारंभीच्या साहित्याच्या यादीत पाटीच्या जागी टॅब आला आहे. वही, कंपासपेटी, पाण्याची बाटली यांच्याबरोबर विद्यार्थ्याने स्वतःचा टॅब आणावा, वर्गातील पाठ त्यावर व्हावेत, स्वाध्यायही त्यावरच सोडवावेत, अशी ही कल्पना होय. शाळेला खरेदी करावी लागत नाही, जपणूक करावी लागत नाही आणि मुलाला घरीही त्याच साधनावर अभ्यास करता येतो, असे तिचे समर्थन केले जाते. प्राथमिक वर्गांच्या बाबतीत या समर्थनाची बारकाईने तपासणी होणे अगत्याचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, हे साधन निरुपयोगी नाही. दुसरीतील मूल धडा वाचते, आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करते आणि पुन्हा ऐकते, तेव्हा आपण कोठे अडखळलो हे त्याला शिक्षकांनी सांगण्यापूर्वीच कळते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नसते. कोरकू, गोंडी वा भिली बोलणाऱ्या घरातील मुलाला त्याच्या बोलीतील गोष्ट आणि तिचे मराठी रूप एकापाठोपाठ ऐकविता येते. ज्याला ऐकू येत नाही त्याला चित्र दिसते, ज्याला नीट दिसत नाही त्याला अक्षर मोठे करून दाखविता येते. बेरीज-वजाबाकीचा सराव ज्याला अधिक हवा त्याला अधिक मिळतो. एवढे सगळे खरे. परंतु काचेवर बोट फिरविल्याने हात वळत नाही. अक्षराचे वळण बसावयाचे तर पेन्सिल धरावी लागते, दाब द्यावा लागतो, चुकावे आणि खोडावे लागते. पहिली-दुसरीत टॅबने पाटीची वा वहीची जागा घेणे म्हणूनच अनिष्ट आहे. त्याने त्यांच्या शेजारी बसावे.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. टॅब कोणाचा असावा?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात २००७ साली झालेला एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील तंत्रज्ञ निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना जगापुढे मांडली. शंभर डॉलरांत बसेल असे लहान मुलांचे यंत्र तयार करावयाचे आणि ते शाळेच्या नव्हे तर मुलाच्या मालकीचे करावयाचे, हे तिचे सूत्र होते. त्या यंत्राचा पडदा वळवून मिटला की ते थेट पाटीसारखे हातात धरता येई. केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना स्वीकारण्यास नकार दिला. तथापि दुसऱ्याच वर्षी खैरात या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची मुले एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकत होती आणि प्रत्येकाच्या हाती सारखे यंत्र होते. ते मुलाने आणले नव्हते, मुलाला मिळाले होते. वर्गात कोणाचे मोठे, कोणाचे लहान, कोणाचे मुळीच नाही, असा प्रकार तेथे संभवत नव्हता.

यंत्र सर्वांना सारखे मिळाले म्हणजे शिक्षणही आपोआप सुधारते, असे मात्र नाही. याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणित आणि भाषा या विषयांतील संपादणुकीत फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनाच्या काही कसोट्यांवर थोडी प्रगती दिसली, एवढेच. शिक्षकांची तयारी आणि अभ्यासक्रमाशी मेळ यांविना यंत्र वर्गात नुसते बसून राहते, याचा यापेक्षा मोठा आणि खर्चिक पुरावा मिळणे कठीण आहे.

म्हणजे अडचणी दोन आहेत. शाळेने दिलेले साधनही शिक्षकाच्या सिद्धतेवाचून वाया जाते. आणि घरून आणलेल्या साधनाच्या बाबतीत या पहिल्या अडचणीवर विषमतेची दुसरी अडचण येऊन बसते. ही दुसरी अडचण वर्गात कशी दिसते? तास पस्तीस मिनिटांचा असतो. एका मुलाच्या टॅबवर पाठ उघडतो; दुसऱ्याचा जुना असल्याने त्यावर तो चालतच नाही; तिसऱ्याची बॅटरी उतरलेली; चौथीला संकेतशब्द आठवत नाही, तो वडिलांना ठाऊक आणि वडील कामावर; पाचव्याने टॅबऐवजी मोठ्या भावाचा तडकलेल्या काचेचा फोन आणला आहे. सहावा रिकाम्या हाताने आला आहे आणि शेजाऱ्याच्या पडद्यात मान घालून बसला आहे. शिक्षकांची पंधरा मिनिटे या व्यवस्थेत जातात. उरलेल्या वीस मिनिटांत जे शिकविले जाते ते त्या सहाव्या मुलाच्या वाट्याला सर्वांत कमी येते. आणि त्याचे कारण काय हे वर्गातील प्रत्येक मुलाला माहीत असते. सात वर्षांच्या मुलाला गरिबी शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसते.

घरोघरी आता स्मार्टफोन आहेतच, मग टॅबचे एवढे काय, असेही म्हटले जाते. ‘असर’ या वार्षिक पाहणीचे आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाले. वाढ मोठी आहे यात शंका नाही. परंतु २०२१ च्या पाहणीत याच विषयाचा दुसरा पैलू समोर आला. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांच्यापैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता, आणि लहान वर्गांतील मुलांत हे प्रमाण अधिक होते. फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फोन बापाबरोबर शेतावर वा रिक्षाच्या थांब्यावर जातो. घरी उरलाच तर आधी दहावीच्या मुलाला मिळतो. करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम राज्यात चालला, तेव्हा याचा प्रत्यय गावोगावच्या शिक्षकांना आला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तीही फोन हाती नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचावे याच जाणिवेने.

कायद्याची भूमिका या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ३ अन्वये, प्राथमिक शिक्षण पुरे करण्यास बाधा येईल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च बालकावर लादता येत नाही. याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना किमान २५ टक्के जागा दिल्या जातात. ज्या वर्गात चार मुलांमागे एक मूल या तरतुदीने आलेले आहे, त्या वर्गात ‘टॅब घरून आणा’ ही सूचना तीन मुलांना सूचना असते आणि चौथ्याला परतीची वाट. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणासाठी उपकरण व इंटरनेट पुरविण्याचा आदेश शाळांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला स्थगिती दिली. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, या मुलांना साधनांवाचून ठेवता येणार नाही, असे मत व्यक्त करून दिल्ली शासनास योजना आखण्यास सांगितले. खर्चाचा भार कोणी उचलावा हा वाद न्यायालयात होता. तो मुलाच्या पालकावर टाकावा, असे मात्र दोन्ही न्यायालयांनी म्हटले नाही.

घरून आणलेले साधन आणि समता यांचा मेळ घालणे सर्वस्वी अशक्य आहे काय? न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या पूर्व भागात याचे एक विचारप्रवर्तक उदाहरण आहे. तेथे बव्हंशी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील अल्प उत्पन्नाची कुटुंबे राहतात. त्या भागातील शाळांनी एकत्र येऊन ‘मनाइआकलानी’ हा उपक्रम उभारला. २०१० मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. संस्थेने एकाच प्रकारची यंत्रे घाऊक घ्यावीत, पालकांनी आठवड्याला सुमारे साडेतीन डॉलर भरून ती हळूहळू आपल्या मुलाच्या नावावर करून घ्यावीत, आणि त्याच वेळी शिक्षकांचे प्रशिक्षण चालावे, अशी ही रचना होती. मूल यंत्र घरून आणते, ते त्याचे स्वतःचे असते, तरीही वर्गातील सर्वांचे सारखे असते. म्हणजे जुन्या दगडी पाटीचा गुण येथे पुन्हा साधला आहे. त्यासाठी बाजारावर विसंबून राहावे लागले नाही, संस्था उभारावी लागली, हे येथे विसरता येणार नाही.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांना मात्र यापेक्षा सोपा मार्ग उपलब्ध आहे, आणि तो अधिक शैक्षणिकही आहे. तो म्हणजे टॅब वर्गाचा असणे. ‘प्रथम’ या संस्थेने २०१५ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतील गावांत टॅब दिले ते एकेका मुलाला नव्हे, तर मुलांच्या गटांना. चार-पाच मुले एका पडद्याभोवती बसली की ती बोलू लागतात, भांडतात, एकमेकांची चूक दाखवितात, पाळी लावतात. एकेकट्या मुलाच्या एकेका पडद्यापुढे वर्गात जी शांतता पसरते ती शिस्तीची असेलच असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापण्याची कल्पना राबविली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या कल्पनेतही पुस्तक प्रत्येकाच्या हाती राहते आणि संकेत उघडण्यास वर्गात एक उपकरण पुरते. बालभारतीच्या पुस्तकांतून हे संकेत आता सर्वत्र पोहोचले आहेत.

गटाने वापरल्यास वेळेवरही नैसर्गिक मर्यादा पडते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन अध्यापनाची मर्यादा दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रे, एवढी ठेवली होती. शाळा बंद असतानाची ही मर्यादा. मग शिक्षक समोर उभे असताना ती याहून कमीच असावयास हवी. स्वीडनसारख्या संपन्न देशाने, जेथे शाळांतून संगणकांची वाण नव्हती, २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा स्वतंत्र निधी काढला.

ज्या गावात काही पालक आपण होऊन मुलाबरोबर टॅब पाठवितात, तेथे त्यांना दुखविण्याचे कारण नाही. तो गटाचा म्हणून वापरला जाईल, एवढी संमती त्यांच्याकडून घ्यावी; आणि तो नसेल त्या दिवशीही पाठ अडणार नाही, अशी शिक्षकांची आखणी असावी. बिघडल्यास भरपाई कोणी द्यावयाची हेही आधीच लेखी असलेले चांगले. मुलांच्या नावाने उघडावयाच्या खात्यांबाबतही सावधगिरी हवी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांच्या संमतीची अट घातली आहे, आणि कोणते ॲप मुलाकडून काय विचारते हे वाचून पाहण्यास बहुतेक पालकांना सवड नसते.

हे सर्व ठरविण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. घरातील फोन कोणाच्या हाती असतो हे त्या स्त्रियांइतके कोणीच अचूक सांगू शकणार नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच्या सभेत वर्गागणिक किती गट होतात, त्यांना किती टॅब लागतात, विजेचे बिल कोणत्या निधीतून जाते, कपाटाची किल्ली कोणाकडे राहते, हे विषय घेता येतील. आणखी एक गोष्ट लहान वाटली तरी महत्त्वाची आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत उतरलेल्या अवस्थेत बंद कपाटात पडून राहिलेल्या बॅटऱ्या निकामी होतात. तेव्हा सुटीच्या दिवसांत हे टॅब कोणाच्या देखरेखीखाली राहतील आणि ते अधूनमधून कोण भारित करील, याचीही नोंद त्याच सभेच्या इतिवृत्तात व्हावी.