फटफटी आणि पाटा-वरवंटा

मोटारसायकलीला मराठींत ‘फटफटी’ हें नांव कोणा पंडितानें दिलेलें नाहीं. तें तिनें आपल्याच तोंडानें मिळविलें. हल्लींच्या गाड्या फार तर गुणगुणतात. त्यामुळें सिन्नरच्या पेठेंतून एखादी जुनी येझदी दोन्ही नळकांड्यांतून धूर सोडीत गेली, कीं दुकानाच्या पायरीवर बसलेलीं साठीपलीकडचीं माणसें बोलणें अर्धवट सोडून मान वळवितात. मग गप्पांना विषय मिळतो. किक, प्लग, काजळी, मोहदरीचा घाट असें करीत करीत त्या गप्पा हटकून पाट्यावरच्या चटणीवर आणि चुलीवरच्या भाकरीवर येऊन ठेपतात. लोखंडी यंत्र आणि दगडी पाटा ही जोडी वरवर विजोड दिसते. परंतु तींत एक तर्क आहे, आणि थोडासा अन्यायहि आहे.

प्रथम गाड्यांविषयीं. मद्रासेस बुलेटकरितां कंपनी निघाली ती १९५५ सालीं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्या १९६१ पासून बाहेर पडूं लागल्या, आणि १९७३ पासून त्यांना येझदी हें नांव मिळालें. पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावर बेतलेली राजदूत १९६२ त आली. या तिघींचे स्वभाव निराळे. बुलेट सुरू करणें हा एक विधिच होता. किक हळूहळू दाबीत विजेच्या मापकाचा कांटा मध्यावर आणावयाचा, डाव्या हाताजवळचा खटका ओढून ती अंमळ पुढें सरकवावयाची, खटका सोडावयाचा, आणि मगच अंगाचा भार टाकून लाथ मारावयाची. क्रम चुकला तर गाडी तीच लाथ परत करी! येझदीचा एकच दांडा किकचेंहि काम करी आणि गिअरचेंहि. येझदी व राजदूत या दोघींच्या पेट्रोलांत तेल मोजून मिसळावें लागे. कमी पडलें तर पिस्टन अडके, अधिक झालें तर प्लगवर काजळी धरे. नाशिकहून येतांना मोहदरीच्या चढावर गाडी बंद पडली, तर शाळामास्तर असो, दूधवाला असो, कीं कांद्याचा व्यापारी असो, रस्त्याच्या कडेला उकिडवें बसून काचकागदानें प्लग घासण्याची विद्या प्रत्येकाला अवगत असावीच लागे.

स्वयंपाकघरांतहि हाताला असेंच ज्ञान लागे. सिन्नर हा बाजरीचा मुलूख. बाजरींत स्नेहांश अधिक, म्हणून तिचें पीठ लवकर कडू होतें. सबब तें थोडक्या दिवसांपुरतेंच दळावयाचें. हा रसायनशास्त्रांतला नियम जात्याशीं बसणाऱ्या बाईला पुस्तकावांचून ठाऊक होता. गोंदेश्वराचें यादवकालीन मंदिर ज्या काळ्या पाषाणाचें, त्याच जातीच्या दगडाचे पाटे घरोघर असत. ते झिजून गुळगुळीत झाले कीं टाकी लावून घ्यावे लागत. पितळी पातेल्याची कल्हई उडाली तर आमटी कळकते, म्हणून कल्हईवाला दारीं आला कीं भांडीं बाहेर निघत. भात्यानें फुललेल्या निखाऱ्यांवर तो भांडें तापवी, नवसागर फिरवी, कथलाची कांडी टेंकवी, आणि कापसाच्या बोळ्यानें क्षणांत आंतून पांढरी चकाकी आणी. मुलांना शाळेला उशीर होई तो यामुळेंच. चटणीची थोरवी हीहि नुसती म्हातारपणाची समजूत नव्हे. वरवंटा तीळ-शेंगदाणे चिरडून त्यांचें तेल बाहेर काढतो. मिक्सरचें पातें त्यांचे तुकडे करतें, आणि भराभर फिरून त्यांना ऊनहि करतें. चवींत फरक पडावयाचाच.

येथवर पायरीवरील मंडळींचें म्हणणें मान्य करण्यास हरकत नाहीं. हरकत आहे ती पुढें. ज्यानें बुलेटला लाथ मारली तोच आज तिची आठवण काढतो; त्याच्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग असेल तर तो त्याचा स्वतःचा आहे. पाट्यावरच्या चटणीची आठवण काढणारा मात्र बहुधा ती खाणारा असतो, वाटणारा नव्हे. शिवाय फटफटी ही हौस होती. कंटाळा आला तर ती घरीं ठेवून एस्. टी. नें नाशिक गांठतां येई. पाट्याला अशी एस्. टी. नव्हती.

सिन्नरांत तर या गोष्टीला रोख हिशेबाची बाजू होती. हें विड्यांचें गांव. तेंदूचीं पानें भिजवावयाचीं, कातरीनें कापावयाचीं, तंबाखू भरून वळावयाचीं आणि दोऱ्यानें बांधावयाचीं, हें काम घरोघर बायका करीत आल्या. मजुरी हजार विड्यांमागें. घरीं बसून विड्या वळणाऱ्यांनाहि कामगार मानणारा कायदा १९६६ सालीं झाला. पण पाट्यापाशीं बसण्याचा दर कोणत्याच कायद्यांत नव्हता. जी घटका दळणावर आणि वाटणावर जाई, ती सायंकाळच्या विड्यांतून वजा होई. अशा घरांत पिठाची गिरणी सुरू झाली, मागाहून मिक्सर आला, तेव्हां पाटा मोरीजवळ उभा करून ठेवतांना त्या बाईला काय वाटलें असेल, तें पायरीवरच्या गप्पांत कधीं विचारलें जात नाहीं. चुलीची गोष्टहि तीच. फुंकणीनें फुंकून लाल झालेले डोळे भाकरीच्या चवींत उतरत नाहींत, एवढ्याच कारणानें ते विसरले गेले.

तिनें सगळेंच टाकून दिलें असेंहि नाहीं. ठेंच्यापुरता पाटा पुष्कळ घरांत अजून आडवा होतो. लोखंडी तवा तर कोणी हलविलेला नाहीं. रोजचें ओझें उतरलें आणि आवडीचें तेवढें राहिलें.

गाडीवाल्यांनींहि अखेर हेंच केलें. म्हैसूरचा कारखाना १९९६ त बंद पडला. पुढें २०१८ त जावा आणि २०२२ त येझदी हीं नांवें पुन्हां बाजारांत आलीं. टाकीची गोलाई जुनी, नळकांडीं दोन. पण २०१८ च्या जावाला किकच नव्हती. बोट टेंकविलें कीं गाडी सुरू! पेट्रोलांत तेल मिसळण्याचेंहि काम उरलें नाहीं. ज्या काजळीच्या कथा रंगवून सांगावयाच्या, ती काजळी मात्र कोणालाच परत नको होती. मग स्वयंपाकघराकडून ती कां मागावी?

पुणें-नाशिक रस्त्यावर आतां ठिकठिकाणीं ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या लागलेल्या असतात. रविवारीं जुन्या-नव्या फटफट्या तेथें ओळीनें उभ्या राहतात, आणि मंडळी आईच्या हातची चव आठवीत दोन भाकरी अधिक खातात. चुलीपुढें धुरांत बसलेली बाई त्याच गांवांतली असते. फरक इतकाच कीं संध्याकाळीं ती पदर झाडून उठते, आणि मालकाकडून दिवसाची मजुरी मोजून घेते.