वंशावळ आणि पितृऋण
(जयनगर येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनंत चतुर्दशीला आपण बाप्पांना निरोप देतो आणि पौर्णिमा सरताच पितृपंधरवडा सुरू होतो. देवापाठोपाठ पितरांचे स्मरण, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा यांना अनुक्रमे वसु, रुद्र, आदित्य या रूपांत आवाहन करतात. आईच्या माहेरच्या पितरांनाही पाणी देतात. एवढेच नव्हे, तर ज्यांच्यामागे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडतात. म्हणजे वंशाची आठवण आपल्याच रक्तापाशी थांबत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या दक्षिणेतच आहे. शहाजीराजांची जहागीर या बंगळुरात होती. १६६४ साली चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिले. तो शिलालेख कानडीत आहे. पुढे एकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

हे सरफोजीराजे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. त्यांच्या दत्तकविधानावरून मोठा वाद झाला होता. १७९९ च्या तहाने राज्यकारभारही इंग्रजांकडे गेला होता. अशा वेळी त्यांनी पूर्वजांची नावे देवाच्या दारी कोरली. राजा म्हणून आपला हक्क सांगण्याचा हेतू त्यात असेलही. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. दत्तक पुत्रही पितरांना पाणी देतो, त्यांचे देव सांभाळतो. वंशाशी नाते जन्माने जुळते तसे कर्तव्यानेही जुळते.

म्हणून कुळाचा अभिमान मिरवणे वेगळे आणि कुळाचे ऋण मानणे वेगळे. अभिमानाने माणूस दुसऱ्याला कमी लेखतो. ऋण मानणारा नम्र होतो, कारण आपले शरीर, भाषा, देव्हाऱ्यातला टाक, यांतले काहीच आपण एकट्याने मिळवलेले नाही, हे त्याला उमगते.

आज जयनगरातल्या आपल्या किती मुलांना पणजोबांचे नाव सांगता येईल? आणि पणजीचे? पुष्कळ वंशावळींत लेकी-सुनांना जागाच नसते. या पितृपंधरवड्यात घरोघरी एक वही घ्यावी, अशी माझी विनंती आहे. वडीलधाऱ्यांना विचारून नावे, मूळ गाव, कुलदैवत लिहावे. बायकांची माहेरची नावेही लिहावीत. मुलांना घरच्या मराठीपेक्षा कानडी सोपी वाटत असेल, तर कानडीतही लिहावे. एकोजीराजांनी तेच केले होते.

ती वही देव्हाऱ्यापाशी ठेवावी आणि तिच्यातली नावे मुलांकडून वर्षातून एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत. ऋण फेडण्याची सुरुवात तेवढ्यानेही होईल.

गणपती बाप्पा मोरया!