दूरच्या ग्रहांची हवा आणि आधी द्यावा लागणारा पैसा

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अवकाशयान उडते त्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, खर्चाचा आकडाही येतो. परंतु उड्डाणापूर्वी दहा-पंधरा वर्षे जो पैसा लागतो, त्याचे छायाचित्र निघत नाही. त्या पैशाविषयी आज बोलावयाचे आहे. उदाहरण युरोपीय अवकाश संघटनेच्या 'एरियल' या दुर्बिणीचे घेतो. इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या सुमारे एक हजार ग्रहांची वातावरणे तिला तपासावयाची आहेत.

हे ग्रह बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. पेट्रोमॅक्सपुढून किडा गेला म्हणजे उजेड किंचित उणावतो, तसा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश उणावतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश शंभर रुपये मानला, तर गुरूएवढा ग्रह त्यातला एक रुपया अडवितो. ग्रहाभोवतीच्या हवेतून गाळून येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, तो मात्र साधारणतः पैशाभराचा. शंभर रुपयांत हा एक पैसा अचूक मोजावयाचा आणि त्यावरून त्या हवेत पाण्याची वाफ आहे की मिथेन, हे ठरवावयाचे!

प्रकाशाचे पृथक्करण करण्याची ही विद्या आपल्या भूमीला अपरिचित नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रान्सचे जान्सेन यांनी गुंटूर येथे सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी सूर्यप्रकाशात जी अनोळखी पिवळी रेषा आढळली, ती हेलियमची. तो वायू पृथ्वीवर हाती लागावयास १८९५ साल उजाडले.

रेषा ओळखावयाची तर ती कोणत्या वायूची, हे आधी ठाऊक असावे लागते. येथेच पूर्वतयारीचा खर्च सुरू होतो. तप्त ग्रहावरील मिथेनच्या रेषा पृथ्वीवरील प्रयोगशाळेत सहजी मोजता येत नाहीत. त्या गणिताने काढाव्या लागतात. लंडनच्या विद्यापीठातील मंडळींनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत सुमारे ९८० कोटी रेषा होत्या. त्यांना युरोपीय संशोधन परिषदेचे अनुदान होते. ही यादी नसेल, तर दुर्बिणीने पाठविलेले आकडे न वाचता येणाऱ्या मोडी कागदासारखे पडून राहतील.

दुसरे काम आरशाचे. एरियलचा मुख्य आरसा लंबवर्तुळाकार, सुमारे १.१ मीटर लांब व ०.७ मीटर रुंद, ॲल्युमिनियमचा आहे. उणे दोनशे अंशांखालील थंडीत तो आकसून वाकडा होऊ नये, म्हणून इटलीत आधी नमुन्याचे आरसे करून पाहण्यात आले. दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर राहणार. तेथे दुरुस्तीला कोणी मिस्त्री पाठविता येणार नाही.

आता जरा कडू गोष्ट. इटालियन विदुषी जोव्हाना तिनेत्ती यांच्या नेतृत्वाखाली याच उद्देशाची 'एको' नावाची योजना पूर्वी मांडली गेली होती. वर्षानुवर्षे अभ्यास झाला, पैसा खर्च झाला आणि २०१४ साली संघटनेने तिच्याऐवजी 'प्लेटो' ही दुसरी योजना निवडली. हिशेबतपासनीस म्हणेल, रक्कम बुडाली. परंतु त्याच मंडळींनी तोच अभ्यास पुढे नेऊन एरियलचा प्रस्ताव केला. तो २०१८ साली निवडला गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बांधणीस मंजुरी मिळाली. माझ्या मते खरा धोका यंत्राचा नसून माणसांचा होता. तरुण संशोधकांच्या नेमणुका अनुदानाच्या मुदतीपुरत्या असतात. मधली दोन वर्षे त्यांना काम मिळाले नसते, तर ती विद्या पांगली असती.

खर्चाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. यान, उड्डाण व संचालन यांचा भार संघटना उचलते. उपकरणांचा खर्च सहभागी देश आपापल्या तिजोरीतून करतात. ब्रिटनने २०२३ साली आपल्या वाट्यासाठी तीन कोटी पौंड जाहीर केले. पन्नासहून अधिक संस्था यात गुंतल्या आहेत. एकाही देशाचा हप्ता चुकला, तर बाकीच्यांचे काम अडते. सामाईक पाटाच्या डागडुजीची वर्गणी ज्यांनी गोळा केली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

हा पैसा विहिरीला किंवा शाळेला का नाही, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. दूरच्या ग्रहाची हवा कळल्याने कोणाच्या घरी भाकरी येईल, असे मी म्हणणार नाही. मात्र यान करावयाचेच ठरले, तर आधीच्या अभ्यासात काटकसर करणे म्हणजे पाणाड्याचे पैसे वाचवून विहीर खणणे होय.

एरियल अजून पृथ्वीवरच आहे. उड्डाणानंतर तिचे नियोजित काम चार वर्षांचे आहे. फळ्यावर वर्णपटाची आकृती काढून ठेवली आहे. शिक्षकांनी ती उतरून घ्यावी, आणि कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.