सही करण्याआधी कारण विचारा



तुमच्यात कायद्याचे पदवीधर आहेत, पत्रकारितेचे आहेत आणि संगणकशास्त्राचेही आहेत. उद्या तुम्ही तिघंही एकाच कागदाभोवती याल अशी दाट शक्यता आहे, म्हणून आज त्या कागदाबद्दलच बोलतो. तो कागद म्हणजे एखाद्या नागरिकाचा फोन ऐकण्याचा सरकारी आदेश.

तपास यंत्रणा प्रस्ताव पाठवते, गृहसचिव आदेश काढतात, दूरसंचार कंपनी तो अमलात आणते. पुढे आढावा समिती तो तपासते. केंद्रात या समितीचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव आणि इतर सदस्यही सचिवच. म्हणजे मागणारं सरकार, देणारं सरकार आणि तपासणारंही सरकार. या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला ते कळवण्याचं बंधन नाही. मग त्याने दाद मागायची तरी कशी?

हा अधिकार १८८५ च्या तार कायद्यातला. तो वापरायचा कसा, याचे नियम मात्र शंभर वर्षं उलटली तरी झाले नव्हते. १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून दिल्या: आदेश गृहसचिवांचा हवा, दोन महिन्यांत आढावा हवा, मुदत एकूण सहा महिन्यांपलीकडे नको. तार कायद्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. घराला नवा रंग लागला, खोल्या त्याच राहिल्या.

तपासणी कागदावर आहे, पण ती होते का? केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० आदेश काढतं, असं माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून पुढे आलं होतं. त्यावर माहिती संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात साधा हिशेब मांडला. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश येणार. एवढे आदेश एका बैठकीत वाचूनही होणार नाहीत, मग तपासणं दूरच.

पाळतीची गरजच नाही, असं मी म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्लेखोरांना सीमेपलीकडून मिळणाऱ्या सूचना पोलिसांनी ऐकल्या आणि ती संभाषणं पुढे न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरली. त्या रात्री सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. पण त्याच मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. आदेशांत ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे कायद्याचे शब्द होते, पण त्या शब्दांत बसेल अशी परिस्थिती नव्हती. या दोन प्रकरणांतला फरक ज्याला कळला, त्याला हा विषय कळला.

आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी. अधिस्वीकृतीधारक पत्रकारांचे प्रसिद्धीसाठीचे संदेश सहसा अडवू नयेत, अशी तरतूद कायद्यात आहे. वाचायला बरं वाटतं. पण जो मजकूर उद्या छापूनच येणार, त्याला लपवण्याची गरज काय? जपायचा असतो तो माणूस, ज्याने माहिती दिली. त्याचं नाव शोधायला संभाषण ऐकावंही लागत नाही. कुणाचा फोन कुणाला, कधी, किती वेळ, एवढं सांगणारा सीडीआर पुरतो आणि तो मागवायला गृहसचिवांचा आदेशही लागत नाही. आपला नंबर कुठे तरी नोंदला जातोय, अशी नुसती शंका आली की खात्यातला प्रामाणिक कारकून बातमीदाराचा फोन उचलायचं सोडतो. त्या दिवशी छापून न आलेली बातमी कुणाच्याच हिशेबात येत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२१ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण बाहेर आल्यावर, राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला मोकळं रान मिळत नाही, अशी भूमिकाही न्यायालयाने घेतली. त्याने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं हे सिद्ध झालं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही समितीने नोंदवलं. हक्क मिळाला, उत्तर मिळालं नाही.

ज्या ब्रिटिशांनी आपल्याला तार कायदा दिला, त्यांच्याकडे २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते. तेवढी सुधारणा आपल्याकडेही अशक्य नाही. ती होईपर्यंत भिस्त आहे ती त्या कागदाजवळ बसलेल्या माणसावर. एका सहीचं वजन किती असतं ते पाहा: १९८६ मध्ये टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते कधीच कायदा झालं नाही.

तुमच्यापैकी कुणी गृह विभागात गेलं, तर ‘राष्ट्रहितासाठी’ एवढंच कारण लिहिलेला प्रस्ताव परत पाठवा. हाच माणूस का, आत्ताच का आणि दुसरा मार्ग का नाही, हे लेखी मागा. कुणी अशा यंत्रणा बांधणार असेल, तर कोणी, कधी, कोणत्या आदेशावर ऐकलं याची कुणाला बदलता न येणारी नोंद तिच्यात ठेवा. वकील झालात तर तो आदेश न्यायालयापुढे मागायला कचरू नका. पत्रकारांनो, नाव गुप्त ठेवण्याचा शब्द देण्याआधी तो पाळण्याची व्यवस्था करा. नाजूक भेटीला फोन सोबत नेऊ नका.

आणि सत्तेवर कोणता पक्ष आहे हे पाहून यातलं काहीही बदलू नका. फोन टॅपिंगच्या आरोपावरून १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावं लागलं; तेव्हापासून हा आरोप जवळपास प्रत्येक रंगाच्या सरकारवर झाला आहे. आज आपल्या बाजूने वाकवलेला नियम उद्या दुसऱ्याच्या हाती जातो, तेव्हा तो सरळ करायला आपल्याकडे तोंड उरत नाही.