कराचीस न पोहोचलेली वायुनौका

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस असलेल्या नाशकात १८७५ साली जन्मलेले लॉर्ड थॉमसन पुढे ब्रिटनचे हवाईमंत्री झाले. वायुनौकेने जन्मभूमीस जावे व साम्राज्य परिषदेसाठी ऑक्टोबरातच परतावे, असा त्यांचा मनोदय होता. वाटेत इजिप्तमधील इस्मायलिया येथे मेजवानी ठरली. कराचीस नौका बांधण्याचा मनोरा आणि अवाढव्य कोठारही उभे राहिले. सिद्ध नव्हती ती नौकाच!

‘आर १०१’ मधोमध कापून, हायड्रोजनच्या जादा पिशवीसाठी तीत नवा भाग जोडला होता. त्यानंतर पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. उड्डाणयोग्यतेचा दाखला मात्र प्रस्थानाच्या तोंडावर हाती पडला. परीक्षेपूर्वी निकाल शाळकरी पोरासही कोणी देत नाही. पण समारंभाच्या तारखा ठरल्या होत्या, आणि त्या मोडणे कोणासही प्रशस्त वाटेना.

४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी नौका इंग्लंडातील कार्डिंग्टनहून निघाली. त्याच रात्री, दोन वाजून गेल्यावर, वादळी पावसात फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ती कोसळून पेटली. चौपन्नांपैकी अठ्ठेचाळीस जण प्राणास मुकले; त्यांत थॉमसनही होते. कराचीच्या त्या कोठारात वायुनौका कधीच आली नाही.