हप्ता, नोकरी आणि दोघांची वही



आज आम्ही आमच्या घराच्या कर्जाची गोष्ट सांगणार आहोत. ‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको दोघं. माइकसमोर एकटीच बसलेय, पण काय सांगायचं ते काल रात्री दोघांनी मिळून वहीत लिहिलंय. यांची पाळी नसती तर तेही आले असते. म्हणून जे काही बोलायचं ते ‘आम्ही’ म्हणूनच बोलते.

आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, गावठाणाला लागून. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. 2017 च्या जूनमध्ये घर घेतलं, तेव्हा साठवलेले पैसे आणि सासूबाईंनी दिलेली रक्कम घालूनही 6 लाख कमी पडत होते. तेवढं कर्ज बँकेतून घेतलं. व्याज साडेआठ टक्के, मुदत 15 वर्षं, महिन्याचा हप्ता 5,908 रुपये. पहिला हप्ता जुलै 2017 मध्ये, शेवटचा जून 2032 मध्ये. घर दोघांच्या नावावर आणि कर्जावर सह्याही दोघांच्या. यांची नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात, फिटर म्हणून. दुसरी नोकरी एका पतसंस्थेत, कारकुनाची.

पहिली दोन वर्षं आम्ही एकच काम इमानाने केलं, हप्ता चुकवला नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये सहज म्हणून बँकेतून कर्जाचा उतारा मागितला. तोवर 22 हप्ते गेले होते, म्हणजे जवळपास 1 लाख 30 हजार रुपये. आणि मुद्दल किती कमी झालं होतं? 40 हजारसुद्धा नाही! बाकीचे 90 हजार व्याजात गेले होते. यांना वाटलं बँकेची काहीतरी चूक आहे. चूक नव्हती. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचा. आमच्या पहिल्या हप्त्यातले 4,250 रुपये व्याजाचे होते, मुद्दलाचे फक्त 1,658. पतसंस्थेत रोज लोकांच्या कर्जाचे आकडे लिहीत होतो, पण स्वतःचा हिशेब करून पाहिला नव्हता.

मग विचारलं, मध्येच जास्तीचे पैसे भरले तर चालतात का? चालतात. घरकर्जाचं व्याज बदलत्या दराचं असेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेने दंड लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच सांगून ठेवलंय. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र आपला करारनामा काढून वाचा, कारण त्यात दंड असू शकतो.

त्याच महिन्यात आमची भिशी लागली होती. 25 हजार हातात होते, फ्रीज घ्यायचा बेत होता. ते बँकेत भरले. त्या 25 हजारांनी आमचे शेवटचे 12 हप्ते कमी झाले, म्हणजे 70 हजारांच्या वर रक्कम वाचली. फ्रीज दोन वर्षांनी घेतला, तोही जुना.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जास्तीचे पैसे भरताना बँक दोन गोष्टी करू शकते. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करेल, नाहीतर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करेल. व्याज जास्त वाचतं ते मुदत कमी केल्यावर. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा, ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ अर्जाची एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा.

तेव्हापासून आम्ही एक वही केली. डाव्या पानावर यांचा पगार आणि यांचा खर्च, उजव्या पानावर दुसरा पगार आणि घरखर्च, खाली कर्जाची शिल्लक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा घेऊन दोघं बसायचं. यांचा दिवाळीचा बोनस, शिवणाचे पैसे, शेळीचं करडू विकलेले पैसे, सगळं त्या वहीत यायचं आणि वर्षाकाठी वीस हजार, कधी चाळीस हजार कर्जात जायचे. भांडणं झाली नाहीत असं नाही. यांना नवी मोटरसायकल हवी होती. सासूबाई म्हणायच्या, कर्ज काय, सगळ्यांनाच असतं, पोरांना जरा हौसेनं कपडे घ्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

2020 मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा तीन हप्ते थांबवायची सवलत घेतली. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हेही तेव्हाच कळलं.

2021 मध्ये आमच्या घरात पहिल्यांदा नोकरी बदलली. पतसंस्थेतली कारकुनी सोडून बचत गटांच्या समन्वयकाचं काम घेतलं. मानधन थोडं कमी आणि दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही. पण काम मनाचं होतं. तेव्हा आम्ही शहाण्यासारखं वागलो. वर्षभर आधीपासून पाच हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात जमवली आणि मगच राजीनामा दिला. कसलीच ओढाताण झाली नाही.

मग 2022 आलं. मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली. 4 टक्क्यांवरून तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. आमचा हप्ता मात्र होता तेवढाच राहिला, म्हणून आम्हीही निवांत राहिलो. उतारा काढला तर काय, हप्ता वाढवायच्या ऐवजी मुदत वाढवली होती. घाम गाळून कमी केलेल्या मुदतीत सहा महिने परत वाढले होते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायची. आम्ही अर्ज दिला आणि हप्ता 7,000 करून घेतला. तुमचंही कर्ज असेल तर वर्षातून एकदा तरी उतारा मागा. हप्ता तोच आहे म्हणजे सगळं तसंच आहे असं समजू नका.

आता येतो आमच्या चुकीकडे. खरं तर तेवढ्यासाठीच आज बोलायला आलोय.

2024 च्या मे महिन्यात यांनी कारखाना सोडला. अकरा वर्षं रात्रपाळी करून यांची झोप आणि पचन दोन्ही बिघडलं होतं. घराजवळच्या एका दूध प्रकल्पात मशिनरीच्या देखभालीचं काम ठरलं. पगार 24 हजारांऐवजी 21 हजार, पण जाण्यायेण्याचे अडीच-तीन हजार वाचणार आणि रात्री घरी. 1 जुलैला हजर व्हायचं पत्रही हातात होतं. म्हणजे पगाराविना एकच महिना काढायचा होता.

कारखान्यातून ग्रॅच्युइटी मिळाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13 हजार, वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस 26 धरायचे, अशी 11 वर्षांची 82,500 रुपये. रजेचे पैसे आणि घरातली बचत मिळून एकूण 1 लाख 32 हजार झाले. तेव्हा कर्जाची शिल्लक 2 लाख 4 हजार होती. एवढी मोठी रक्कम आम्ही दोघांनी पहिल्यांदाच एकत्र पाहिली. कर्ज संपवायची नशाच चढली म्हणा ना. हे म्हणाले, “अगं, एकदाच भरून टाकू, वर्षभरात मोकळे होऊ.” नाही म्हणायचं सुचलंच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात 1 लाख 20 हजार भरले. हातात राहिले 12 हजार. येताना पेढे घेतले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. फी, गणवेश, वह्या यांत 9 हजार गेले. 28 जूनला निरोप आला, प्रकल्पाचं काम रखडलंय, ऑगस्टमध्ये या. ऑगस्टमध्ये म्हणाले, सप्टेंबर. यांना हजर करून घेतलं 16 सप्टेंबरला. साडेतीन महिने यांचा पगार नाही. मानधन 9 हजार, त्यातले 7 हजार हप्त्याला. उरले 2 हजार, आणि घरात पाच माणसं. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हवं तर नवीन कर्जाचा अर्ज करा. पण नोकरी नसलेल्या माणसाला कोण कर्ज देतंय?

यांच्या पीएफवर नजर गेली होती. तो काढला नाही, एवढं एक चांगलं केलं. नव्या नोकरीत यूएएन नंबर तोच राहतो, तिथे जुना पीएफ वळवून घेता येतो.

शेवटी जुलैच्या बैठकीत आमच्याच गटात कर्ज मागितलं, 20 हजार. जी बाई दर महिन्याला सगळ्यांना सांगते की अडीअडचणीचे पैसे आधी बाजूला ठेवा, तीच उभी राहून म्हणाली, “मला किराण्यासाठी पाहिजेत.” बैठकीत कुणी हसलं नाही. गटातल्या आक्कांनी फक्त विचारलं, “मग बँकेला एवढी घाई कुणाची होती, त्यांची का तुमची?” त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

गटाचं व्याज महिन्याला शेकडा 2. म्हणजे 20 हजारांवर पहिल्या महिन्याला 400 रुपये. तेवढ्याच रकमेवर घरकर्जाचं व्याज 9 टक्क्यांनी 150 रुपये झालं असतं. स्वस्त कर्ज फेडायच्या नादात महाग कर्ज घेतलं. नंतर वहीत आणखी एक हिशेब मांडला. ते 1 लाख 20 हजार चार महिने आमच्याच खात्यात राहिले असते, तर बँकेला व्याज किती जास्त गेलं असतं? महिन्याला 900, म्हणजे 3,600 रुपये. आणि खात्यातल्या पैशावर थोडं व्याज आपल्यालाही मिळालंच असतं. एवढ्यासाठी आम्ही तीन महिने उसासे टाकले, मुलांच्या तोंडावर खेकसलो, एकमेकांशी धड बोललो नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कर्ज लवकर फेडा, जरूर फेडा, पण नोकरी बदलायच्या वेळी थांबा. नव्या नोकरीचे दोन-तीन पगार खात्यात पडेपर्यंत मोठी रक्कम भरू नका. सहा महिन्यांचा किराणा, औषधं, शाळा आणि हप्ता यांची बेरीज करा. आमची बेरीज महिन्याला 18 हजार होती, सहा महिन्यांचे 1 लाख 8 हजार. म्हणजे त्या 1 लाख 32 हजारांतले फार तर 24 हजार भरायला हवे होते. एकाचा पगार चालू असेल तर कमी ठेवले तरी चालेल, पण तो पगार वेळेवर येतो का, हे आपलं आपल्याला माहीत असतं. आणि घरात सोनेतारण किंवा शेकडा 2 चं कर्ज असेल तर आधी ते फेडा, घराचं नंतर.

पुढचं थोडक्यात सांगते. यांचा पगार सुरू झाल्यावर गटाचं कर्ज पाच महिन्यांत फेडलं. व्याजाचे पैसे गेले, ते गटातच राहिले. त्यानंतर घरकर्जात एकही जादा रुपया भरला नाही. हप्ता चालू ठेवला आणि उरतील ते पैसे वेगळ्या खात्यात जमवत गेलो. जुलै 2025 मध्ये शेवटचा हप्ता गेला. जून 2032 मध्ये संपणारं कर्ज सात वर्षं आधी संपलं.

कर्ज संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. बँकेकडून ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं, खरेदीखतासकट, मोजून घ्या. सगळं फेडल्यापासून 30 दिवसांत बँकेने ती द्यायची असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई, असा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. मग उताऱ्यावरचा बँकेचा बोजा कमी करून घ्या. सात-बारा असेल तर तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीचा उतारा असेल तर ग्रामपंचायतीत, शहरात मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात. हे राहून गेलं तर पुढे मुलांना त्रास होतो.

आमच्या उताऱ्यावरचा बोजा निघाला त्या दिवशी पेढे आणले नाहीत. मागच्या वेळचे आठवत होते. सासूबाईंनीच शिरा केला. हे म्हणाले, आता वही बंद करायची का? आम्ही ठरवलं, चालू ठेवायची. कर्जाच्या शिल्लकीच्या जागी आता मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचे पैसे लिहितो.

येत्या रविवारी तुम्हीही दोघं बसा. हप्ता किती, मुदत किती उरली आणि उद्या एकाचा पगार थांबला तर किती महिने निघतील, एवढं तीन ओळींत लिहा. आकडे न आवडण्यासारखे निघाले तरी दोघांनी बघा. काही अडलं तर गटाच्या बैठकीत विचारा. आम्हालाही तिथूनच मदत मिळाली.